रेंजची टेकडी

गाव सोडलं त्या सकाळी अब्बा माझ्याशी बोलत नव्हते. फाट्यावर पाथर्डीला जाणारी काळी-पिवळी जीप उभी होती. ड्रायव्हर टपावर माझी पेटी बांधत होता आणि अब्बा खाली उभे राहून दोरीच्या गाठीकडं बघत होते. गाठ बसली, तरी त्यांनी हात वर करून ती पुन्हा एकदा ओढून पाहिली. अम्मानं भाकरी बांधलेलं फडकं माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "मुडके मत देख बेटी, नै तो मेरेकू रोना आता." आमच्या घरात अशी दखनी बोलतात, अर्धी हिंदी आणि अर्धी मराठी. उंबऱ्याबाहेर पडलं की सगळी मराठी. अम्माचं हे एक वाक्य जसंच्या तसं ठेवलं, बाकी सगळं मराठीतच सांगते.

मी पुण्याला निघाले होते, एका मोबाईल कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये नोकरीला. पाथर्डीच्या कॉलेजात बी.ए. झाले, मुलाखत दिली आणि कशी कोण जाणे, निवड झाली. अब्बांचा विरोध होता. पण तुम्हाला वाटेल त्या कारणानं नव्हे. पोरीची जात, एकटी कशी राहील, भाऊबंद काय म्हणतील, यातलं एकही वाक्य त्यांच्या तोंडून आलं नाही. त्यांचं म्हणणं एकच होतं.

"आपल्या गावात फोन लागत न्हाई. जिथून लेकीचा आवाज यायचा न्हाई, तिथं तिला कशी धाडू?"

बोलणं खरं होतं. आमचं गाव पाथर्डी तालुक्याच्या डोंगरांत, खोलगट भागात वसलेलं. तालुक्याच्या गावी चार-चार कंपन्यांच्या जाहिराती लागल्या होत्या, पण आमच्याकडं त्यांतल्या एकीचीही रेंज पोचत नव्हती. मोबाईल मात्र घरोघर होते. ऊसतोडीला गेलेली माणसं येताना घेऊन यायची. गावात आल्यावर त्या मोबाईलची अंधारात धरायची बॅटरी व्हायची, घड्याळ व्हायचं, गाण्यांचा डबा व्हायचा. फोन सोडून बाकी सगळं व्हायचं.

रेंज होती ती एकाच जागी, गावामागच्या टेकडीवर, कडुलिंबाच्या झाडापाशी. तिथं पाथर्डीकडं तोंड करून उभं राहिलं की आवाज यायचा. शेवटी तोड काढली ती अम्मानं. ती अब्बांना म्हणाली, "दर रविवारी सकाळी मी टेकडीवर जाईन. ही तिकडून फोन करील. ऊन असो, पाऊस असो. मग तर झालं?" अब्बा काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत याचाच आम्ही होकार धरला.

जीप सुटली तेव्हा मी मागं वळून बघितलं नाही. बाजूच्या आरशात बघितलं. तुमच्यातले जे माझ्यासारखे पेटी घेऊन निघाले त्यांना हे कळेल, आणि जे फाट्यावर उभे राहिले त्यांना आज सांगते: आम्ही सगळे आरशातून बघतच असतो.

पुण्यात हडपसरला एका खोलीत आम्ही चौघी राहायचो. पहिले काही आठवडे बोलणं सुधारण्यातच गेले. 'हाय' नाही, 'आहे' म्हणायचं. 'व्हय' नाही, 'हो'. 'लई' हा शब्द तर जिभेवरून खरवडूनच काढला. मग कानाला हेडफोन आला आणि दिवसभर अख्खा महाराष्ट्र माझ्या कानात बोलायला लागला.

मोबाईलबद्दल माणसांना काय काय वाटतं, हे त्या खुर्चीत बसल्याशिवाय कळायचं नाही. श्रीरामपूरची एक बाई म्हणाली, "ही सवत तुमीच धाडली माझ्या घरात. नवरा जेवताना बी तिच्याकडंच बघतो. परत घेऊन जावा." एक निवृत्त मास्तर दर पंधरवड्याला फोन करून बजावायचे, की या यंत्रामुळं लोकांची पाठांतरं गेली आणि याची जबाबदारी कंपनीनं घ्यावी. एका आजोबांना खात्री होती की फोन उशाला ठेवला की वाईट स्वप्नं पडतात. त्यांना मी म्हटलं, "पायथ्याशी ठेवा." पुढच्या खेपेला त्यांनी मुद्दाम कळवलं की फरक पडला.

आणि एक शेतकरी होता, जामखेडच्या बाजूचा. तो भडकून बोलत होता. "बाई, रेंज माज्या गोठ्यात येती, घरात येत न्हाई. आता म्हशीला फोन घेऊन देऊ का?"

आम्हाला उत्तर पाठ करून दिलेलं होतं: आपल्या परिसरात नेटवर्क सुधारण्याचं काम सुरू आहे. पण त्या दिवशी ते माझ्या ओठावर येईना. मी हसले आणि म्हणाले, "घेऊन द्या की दादा. निदान ती तरी शांतपणे बोलंल." पलीकडं तो माणूस इतका मोठ्यानं हसला की मला हेडफोन कानापासून लांब धरावा लागला. "कुठल्या गं तुमी?" "पाथर्डीची." "मग आधी न्हाई का सांगायचं!" त्यानंतर त्यानं आपली तक्रार नीट, सगळ्या तपशिलासकट लिहून घेऊ दिली.

बोलणी रेकॉर्ड होतात. दुसऱ्या दिवशी टीम लीडर मॅडमनी मला आत बोलावलं तेव्हा मी मनातल्या मनात पेटी भरायला घेतली होती. त्यांनी तो कॉल मला ऐकवला, स्वतःही हसल्या आणि म्हणाल्या, "उद्यापासून गावाकडच्या तक्रारींच्या टेबलावर बस. आणि बोल तुझं तू. फक्त शिवी आली तर गिळ." जिभेवरून खरवडलेला 'लई' त्या दिवशी पगारासकट परत आला.

रविवार मात्र अम्माचा.

ती टेकडी मला कधी पुरी समजलीच नव्हती. गावात होते तेव्हा मला कोणाला फोन करायचाच नसायचा. आता पुण्यातून दर रविवारी मी ती ऐकायला लागले. दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला कारखान्यांकडं जायचं. मागं म्हातारी माणसं उरायची, शाळेतली लेकरं, दोन-चार दुकानदार आणि आमच्यासारखी कारागिरांची घरं. अब्बा पिंजारी. कापूस पिंजून गाद्या-उशा भरण्याचा त्यांचा धंदा. तर ही सगळी मागं उरलेली माणसं रविवारी टेकडी चढायची. तिथं खासगी असं काही नसायचं. कोणाच्या सुनेला दिवस गेले, हे आधी टेकडीला कळायचं आणि मग घरच्यांना. एकदा तर एका पोरीचं लग्न तिथंच जमलं. फोनवर मुलाकडचे विचारत होते आणि झाडाखालच्या बाया इकडून ओरडून सांगत होत्या, "व्हय म्हण, व्हय म्हण, पोरगा चांगला हाय!"

माझी अम्मा त्याआधी घर, विहीर आणि दर्गा यापलीकडं फार जायची नाही. टेकडीनं तिला बाहेर काढलं. तिला थोडं लिहिता-वाचता यायचं, म्हणून सगळ्या म्हाताऱ्यांचे नंबर तीच लावून द्यायची. माझ्याशी बोलता बोलता मधेच कोणाला तरी म्हणायची, "थांबा मावशी, पोरीचं झालं की तुमच्या गणपतला लावते." मला राग यायचा. आठवड्यातनं एकदा बोलायचं, त्यातही वाटेकरी. पण तिच्या आवाजात काहीतरी नवं होतं. आमच्या घराच्या चार भिंतींत तो आवाज मी कधी ऐकलेला नव्हता.

दुसऱ्या वर्षी श्रावणातल्या एका रविवारी ती मला शेळीला झालेल्या करडाबद्दल सांगत होती. टेकडीवरचा मुरूम ओला होता. बोलता बोलता "या अल्ला" असं ऐकू आलं, मग दगड घरंगळल्याचा आवाज, मग नुसता वारा. मी "अम्मा, अम्मा" करत राहिले. लांबून कोणी बाई ओरडली आणि फोन तुटला.

गावातले माझ्याकडं होते तेवढे सगळे नंबर मी लावले. अब्बांचा, शेजारच्यांचा, दुकानदाराचा, शाळेतल्या बाईंचा. प्रत्येक वेळी तेच: आपण ज्यांच्याशी संपर्क साधू इच्छिता ते संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहेत. हे वाक्य मी रोज लोकांना समजावून सांगायची. त्या दिवशी ते मलाच सांगितलं जात होतं, एका गोड आवाजात, पुन्हा पुन्हा.

मिळेल त्या गाडीनं निघाले. नगरपर्यंतच्या अख्ख्या वाटेत मी काय काय केलं आणि कशाकशाच्या आणाभाका घेतल्या, ते आता आठवत नाही. पाथर्डीला उतरले तेव्हा स्टँडवर आमच्या गावची जीप उभी होती. ड्रायव्हरनं मला ओळखलं. "तुमची आई हितंच दवाखान्यात हाय. पाय मोडलाय, बाकी ठणठणीत हाय." मी तिथंच स्टँडच्या फरशीवर बसले.

दवाखान्यात अम्मा पायाला प्लास्टर घालून बसली होती. मला बघून पहिलं वाक्य, "फोन फुटला गं." दुसरं वाक्य, "शेळीला पाला कोण घालील?" ती झोपल्यावर मी बाहेर आले. अब्बा व्हरांड्यात बाकावर बसले होते. त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "ती पडली तवा तुला आवाज आला?"

"आला."

"पुण्यात आला." ते बाकावर थोडे पुढं सरकले. "मी टेकडीखाली घरात बसलो हुतो. मला न्हाई आला. पोरं सांगाया आली तवा कळलं."

एवढं बोलून त्यांनी टोपी काढली, तोंड पुसलं आणि पुन्हा घातली. माझ्या बापाला मी तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

पुण्याला परतल्यावर मी कंपनीतल्या नेटवर्क विभागाच्या साहेबांना भेटले. सांगायचं म्हणून लांबलचक भाषण तयार केलं होतं. त्यांनी कॉम्प्युटरवर गावाचं नाव टाकलं आणि म्हणाले, "तुमच्या गावाचा टॉवर आम्ही मागेच मंजूर केला होता. ग्रामसभेनं नको म्हणून सांगितलं."

मी भाषणाचा कागद घडी करून पिशवीत टाकला. गावानं? माझ्या गावानं?

पुढच्या सुट्टीत घरी गेले आणि अब्बांना विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं. "व्हय. तू पुण्याला गेल्यावर सभा झाली. नाना उठले, म्हणले टावर आला की बागेतल्या लिंबांचा फुलोरा गळंल, मधमाशा मरतील. ज्यांना नको त्यांनी हात वर करा, म्हणले. मी हात वर केला."

मला राग आला, पण तो फार वेळ टिकला नाही. नाना म्हणजे भागवत नाना, गावातले मोठे बागायतदार. आमच्या कोरड्या भागात त्यांनी शेततळं करून लिंबाची बाग उभी केली होती. माझे आजोबा खांद्यावर कापूस पिंजायची धुनकी घेऊन या गावात आले तेव्हा नानांच्या वडिलांनीच त्यांना राहायला जागा दिली होती. नानांच्या बागेला धक्का लागेल असं कोणी म्हटलं, तर माझा बाप दोन्ही हात वर करील.

अम्मा पाय लांब करून ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, "नानांशी भांडू नको. आणि त्यांना शिकवायला बी जाऊ नको. ते तुझ्यापेक्षा जास्त बोलतात."

मी संध्याकाळी बागेत गेले. नाना पाण्याची नळी सरकवत होते. मला बघून खूश झाले, दोन लिंबं तोडून हातात दिली आणि लगेच सुरू झाले. टॉवरनं चिमण्या गेल्या. टॉवरनं डोकं धरतं. टॉवरनं पोरं बिघडतात. मी ऐकून घेतलं. कंपनीनं मला शिकवलेलं सगळं माझ्या पिशवीत छापील होतं, पण मी पिशवीत हात घातला नाही. मी म्हटलं, "नाना, मी कंपनीची माणूस. मी काय बी सांगितलं तरी तुम्हाला ते कंपनीचंच वाटणार. कर्जतकडं एका गावात बरीच वर्षं टॉवर आहे आणि त्याला लागून लिंबाची बाग आहे. चला, तुमच्या डोळ्यांनी बघू. बाग खराब असली तर मी तो विषय पुन्हा काढणार नाही."

त्या बागेचा पत्ता मला एका तक्रारीतूनच सापडला होता. बाग नीट आहे की नाही, हे मला खरोखरच माहीत नव्हतं. नानांनी नळी खाली ठेवली. "उद्या सकाळी निघू. तुज्या बापाला बी घे."

नानांची जीप, पुढं नाना आणि अब्बा, मागं मी. त्या बागेची मालकीण एक साठीच्या आसपासची बाई होती, डोक्यावर पदर, हातात विळा. टॉवर बागेच्या बांधालाच उभा. नानांनी तिला नमस्कार केला आणि ते सरळ एका झाडाखाली शिरले. पानं उलटून पाहिली. फुलोरा पाहिला. खाली गळलेली फुलं हातात घेऊन चोळली. मग तिथंच मातीत बसले आणि कान लावून राहिले. मीही ऐकलं. झाडात मधमाशा घुमत होत्या.

"बाई," नाना म्हणाले, "टावर आल्यावर फळ कमी झालं का हो?"

"दुष्काळात झालं हुतं की. तवा टावर हुताच. पाऊस झाला, पुन्हा धरलं." तिनं विळ्यानं एक वाळकी फांदी छाटली. "झाडाला पानी लागतं, भाऊ. त्याला रेंजचं काय पडलंय?"

अब्बा एकदम हसले. नाना हसले नाहीत. त्यांनी पुढचं विचारलं, "आनि पोरं?"

तिनं विळा खाली केला. "पोरांचं मात्र तुमी म्हनता ते खरं हाय. बसत्यात डोकं घालून. पन माजी लेक सुरतला दिली. रोज सांच्याला तिचं तोंड दिसतं मला. पोरांच्या पाठीत धपाटा घालता येतो. लेकीचं तोंड कुठनं आनू?"

येताना नाना जीप अगदी हळू चालवत होते. गाव जवळ आल्यावर त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि अब्बांना म्हणाले, "उस्मानभाई, तुमी त्या दिशी हात वर केला तो माज्यासाठी केला ना?"

अब्बा म्हणाले, "मग काय टावरसाठी करू?"

नानांनी गाडी पुन्हा सुरू केली. मी मागं बसून बाहेर बघत होते, कारण दोघांनाही माझ्याकडं बघायचं नव्हतं.

ग्रामसभेला मी रजा काढून आले. शाळेच्या पटांगणात माणसं बसली होती, आणि एरवी कधी नसतात तेवढ्या बाया आल्या होत्या. टेकडीवरच्या सगळ्या. अम्माला दोघींनी धरून आणलं होतं. मला वाटलं होतं मला बोलावं लागेल. पण आधी नाना उठले. पांढरा सदरा, पांढरी टोपी, आवाज नेहमीचाच चढा.

"मागं मी हितंच हुबा राहून टावर नको म्हनलो. तुमी माझं ऐकलं. आता मी बाग बघून आलोय. माशा हायेत. फुलोरा हाय. उस्मानभाईची बायको फोनपायी पडली. उद्या आनिक कोन पडंल. मला रेंज पायजेल असं मी म्हनत न्हाई, मला काय कोनाशी बोलायचं न्हाई. पन ज्यांना बोलायचं हाय त्यांनी डोंगर का चढावा? शाळंपास्नं लांब, टेकडीवर जागा द्या. ज्यांना टावर पायजे, त्यांनी हात वर करा."

सगळ्यात आधी बायांचे हात वर गेले. एवढ्या वेगानं की बांगड्यांचा आवाज झाला. मग पुरुषांचे. अब्बांनी एक हात वर केला, माझ्याकडं बघितलं आणि दुसराही केला.

टॉवर यायला वेळ लागला. कागद इकडून तिकडं फिरले, मी रोज नेटवर्क विभागाच्या दाराशी जाऊन उभी राहायची, आणि शेवटी साहेब मला लांबून बघूनच सांगायला लागले, "निघालाय, निघालाय." मग ट्रकनं लोखंड आलं, माणसं आली, आणि टेकडीवर तो सांगाडा एक एक हात वर चढत गेला. गावातली पोरं शाळा सुटली की खाली बसून बघायची. नाना रोज एक चक्कर टाकून कामगारांना सूचना द्यायचे. त्यांचं कोणी ऐकायचं नाही, पण लिंबू सरबत घ्यायचे.

तो सुरू झाला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. अर्धं गाव ऊसतोडीला पांगलं होतं. मी ऑफिसात होते. टेबलावरचा माझा स्वतःचा फोन वाजला. अम्मा.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं. वार सोमवार होता.

"काही नै. चुलीपुढं बसलेय. लागतो का बघत होते."

फोन ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला. "आता दारात उभी आहे. ऐकू येतं?" मग पुन्हा. "आता शेळीपाशी." माझ्या हेडफोनमध्ये त्या वेळी सोलापूरचे कोणी गृहस्थ बिलाबद्दल भांडत होते. मी त्यांना म्हटलं, "साहेब, एक मिनिट होल्ड करते, माझ्या गावाला रेंज आलीय." ते म्हणाले, "अहो, मग आधी त्यांच्याशी बोला की!" मला हुंदका आला आणि हसूही आलं. आजूबाजूच्या पोरी खुर्च्या सोडून माझ्यापाशी जमल्या. टीम लीडर मॅडमनी मला बाहेर पिटाळलं आणि ते सोलापूरचे गृहस्थ स्वतःच्या कानाला लावले.

त्या संध्याकाळी गावात काय झालं ते मला अम्मानं सांगितलं. दर घराच्या अंगणात कोणीतरी फोन धरून उभं होतं. कारखान्याच्या फडावरच्या खोपटांतून लेकी-सुना बोलत होत्या आणि इकडं म्हाताऱ्या त्यांना ओरडून उत्तरं देत होत्या. त्यांना टेकडीची सवय, हळू बोलायचं असतं हे कोणाला माहीतच नव्हतं. ज्यांना कोणाशी बोलायचं नव्हतं त्या भागवत नानांनी नाशिकला राहणाऱ्या नातवाला पहिल्यांदा पडद्यावर पाहिलं आणि त्याचे केस का वाढलेत यावरून त्याला पार झापलं.

हे सगळं लिहिताना ऊर भरून येतो, ते मी लपवत नाही. पण एक गोष्ट गेली, तीही सांगते. टेकडीवर आता रविवारी कोणी जात नाही. कोणाच्या सुनेला दिवस गेले हे ज्याच्या त्याच्या घरात कळतं. अम्माच म्हणाली, "फोन लागत नव्हता तेव्हा माणसं भेटायची." म्हणून तिनं आता आपल्याच ओट्यावर बायांची बैठक सुरू केलीय. फोन सगळ्यांनी घरी ठेवून यायचं, हा तिथला नियम. नियम तिचाच, आणि तो मोडून चोरून फोन आणणारीही तीच.

मी तक्रारींच्या टेबलावरच न थांबता बदली मागून नेटवर्क विभागात गेले. ज्या गावांना रेंज नाही त्यांच्या तक्रारी आता माझ्या टेबलावर येतात. त्या जामखेडच्या दादांच्या घरात आता रेंज आहे. म्हशीचं काय, ते विचारायचं राहिलं. मध्ये काही महिने मला घरून काम करायची मुभा मिळाली, तेव्हा मी गावाला जाऊन राहिले. वाटलं होतं, आता इथंच. पण मला पुण्याची सकाळ आठवायला लागली, चहाची टपरी, आमच्या चौघींची भांडणं. मी परत गेले तेव्हा फाट्यावर मला कोणी अडवलं नाही आणि मीही आरशात बघितलं नाही. सरळ मागं वळून हात हलवला. हडपसरलाच दोन खोल्या घेतल्या, माझ्या एकटीच्या नावावर भाड्यानं. खिडकीशी कढीपत्ता लावला. तरी कोणी विचारलं, घर कुठं, तर मी पाथर्डी म्हणायची. पुण्याला मी 'रूम' म्हणायची.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सुट्टीचा दिवस होता, मी केस धुऊन बसले होते. दार वाजलं. उघडलं तर अब्बा. एकटे. अंगात धुतलेला पायजमा-सदरा, काखेत पिशवी, आणि हातात, छातीसमोर आडवा धरलेला मोबाईल. अब्बांना वाचता येत नाही. जन्मात कधी पुण्याला आले नव्हते.

"अब्बा! तुम्ही कसे आलात? कोणाबरोबर?"

"हिच्याबरोबर." त्यांनी मोबाईल पुढं केला. "ही बाई सांगत आली. बोललं की ऐकती. रिक्षावाला उजवीकडं घालत हुता, मी म्हणलं, बाबा, बाई डावीकडं म्हणती. तो म्हणला, चाचा, तुमी पुण्याचेच का? मी म्हणलं, व्हय."

मी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. अम्मानं बरोबर दिलेली बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि नानांची लिंबं त्यांनी पिशवीतून काढून ओट्यावर मांडली. ते पाणी पीत असताना मी त्यांचा मोबाईल हातात घेतला. नकाशा अजून उघडाच होता. माझ्या खोल्यांच्या जागी एक खूण होती आणि तिच्यावर मराठीत लिहिलं होतं: घर.

"अब्बा, हे कोणी लिहिलं?"

"तुज्या अम्मानं. तू धाडलेल्या पत्त्यावर, माझ्या सांगण्यावरून."

"पण घर तर गावाकडं आहे. तिथलं का नाही लिहिलं?"

अब्बांनी माझ्याकडं बघितलं, इतक्या साध्या गोष्टीला ही पोरगी एवढं शिकून का अडली, असं.

"तिथं जायला मला कशाला कोणी वाट दाखवायला पाहिजे?"

त्यांनी पेला ठेवला, चपला दाराशी नीट लावल्या, दोन्ही खोल्या फिरून बघितल्या. कढीपत्त्याला हात लावून पाहिला. मग खिडकीशी उन्हात मांडी घालून बसले आणि मोबाईलला मोठ्यानं सांगितलं, यास्मिनच्या अम्माला फोन लाव. पलीकडून अम्मा काहीतरी भराभर विचारत होती, सगळं मला ऐकू येत होतं.

"व्हय, व्हय," अब्बा म्हणाले. "पोचलो. आता घरीच हाय."